खेळाचे तास

हिंदुस्थानातील १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास राबविण्याची मुभा ठेवली. १८९१ मध्ये किमान वय सातावरून नऊ झाले, १९२२ मध्ये बारा. मोजले गेले ते कामाचे तास. खेळाचे कोणी मोजले नाहीत.

हुतूतूत दम तुटला की बाद. लगोरीत हरलात तरी तंटा मिटवून डाव पुन्हा मांडायचा. थांबणे, हार पचविणे पोर तेथेच शिकते. अलीकडे हॉलंडात उंदरांची पिले सवंगड्यांपासून वेगळी वाढविली. मोठेपणी ती अधिक दारू पिऊ लागली. उंदरावरून माणसाचा निवाडा करू नये, हे खरे. पण गुत्त्यातल्या गड्याला आम्ही उपदेशच केला. त्याचे बालपण विचारले नाही. मागणीपत्रात पोरांच्या मैदानाचे कलम आम्ही कधी घातले नाही, ही चूक आमची.