सात विजेतेपदांचं छोटं शहर

इटलीच्या फुटबॉल विजेत्यांची यादी मोबाइलवर उघडा. वरची नावं ओळखीची आहेत : युव्हेंटस, इंटर, मिलान. जरा खाली या. रोमाची विजेतेपदं ३, नापोलीची २०२५चं धरून ४. दोघांची मिळून ७. आणि तिथेच एका क्लबच्या नावापुढे एकट्याची ७ दिसतील : प्रो व्हेर्चेल्ली.

व्हेर्चेल्ली हे तुरिन आणि मिलानच्या मधलं, पंचेचाळीसेक हजार वस्तीचं शहर. आजूबाजूला जिकडेतिकडे भातशेती. क्लब मुळात व्यायामशाळेचा. १९०३मध्ये मार्चेल्लो बेर्तिनेत्ती या तरुणाने तिथे फुटबॉल सुरू केला. गडी तलवारबाज; पुढे ऑलिंपिकमध्ये त्याने तलवारबाजीची सुवर्णपदकंही जिंकली.

तेव्हा इटलीतल्या मोठ्या शहरांच्या क्लबांमध्ये इंग्रज आणि स्विस खेळाडूंचा भरणा असायचा. व्हेर्चेल्लीकडे फक्त गावातली पोरं होती, पण ती व्यायामशाळेत तयार झालेली. १९०८च्या स्पर्धेत परदेशी खेळाडूंना मज्जाव झाला, काही मोठे क्लब रुसून बाहेर राहिले आणि प्रो व्हेर्चेल्ली जिंकली. नशिबाने जिंकली, असं कोणी म्हणालं असेल तर पुढच्याच वर्षी, परदेशी खेळाडूंना परवानगी असलेल्या स्पर्धेत जिंकून तिने उत्तर दिलं.

मग आलं १९१०. मोसमाअखेर प्रो व्हेर्चेल्ली आणि इंटर यांचे गुण सारखे झाले. निर्णायक सामना २४ एप्रिलला व्हेर्चेल्लीत ठरला, पण संघातले काही जण त्याच वेळी लष्करी स्पर्धेत अडकले होते. क्लबने तारीख बदलून मागितली, इंटरने नकार दिला. तेव्हा निषेध म्हणून प्रो व्हेर्चेल्लीने चक्क शाळकरी मुलं मैदानात उतरवली. इंटर १०-३ने जिंकली. ते तिचं पहिलं विजेतेपद. त्या मुलांनी तीन गोल मारले होते, हेही विसरू नका.

महासंघाने क्लबवर बंदी घातली. तीनच आठवड्यांनी, १५ मे रोजी, इटलीचा राष्ट्रीय संघ आपला पहिला सामना खेळला. गतविजेत्या संघाचा एकही खेळाडू त्यात नव्हता. बंदी उठली आणि १९११, १२, १३ अशी सलग तीन वर्षं प्रो व्हेर्चेल्लीच जिंकली. १ मे १९१३ला बेल्जियमविरुद्ध इटलीच्या अकरांपैकी नऊ जण या एका क्लबचे होते. सामन्यातला एकमेव गोलही त्यांच्यातल्याच ग्विदो आराचा.

पहिल्या महायुद्धानंतर १९२१ आणि १९२२ अशी आणखी दोन विजेतेपदं आली. ती शेवटची.

१९२३मध्ये युव्हेंटसची सूत्रं फियाट कंपनीच्या अन्येल्ली घराण्याकडे गेली. त्याच वर्षी व्हेर्चेल्लीचा बचावपटू व्हिर्जिनिओ रोझेत्ता युव्हेंटसला गेला. सौदा ५०,००० लिरांचा. खेळ अजून कागदोपत्री हौशी होता, त्यामुळे गदारोळ झाला आणि युव्हेंटसला गुणही गमवावे लागले. पण पायंडा पडला. १९२६मध्ये नियमच बदलले आणि पैसे घेऊन खेळणं अधिकृत झालं. गावातल्या पोरांना घडवायचं व्हेर्चेल्लीला जमत होतं. त्यांना राखायला लागणारा पैसा तिच्याकडे नव्हता.

तरी तिने आणखी एक हिरा घडवला : सिल्व्हिओ पिओला. सोळाव्या वर्षी तो सेरी आमध्ये उतरला. १९३३मध्ये फिओरेन्तिनाविरुद्ध एकट्याने सहा गोल मारले. १९३४मध्ये क्लबने त्याला लाझिओला विकलं आणि १९३५मध्ये प्रो व्हेर्चेल्ली सेरी आमधून बाहेर पडली. ती आजवर परतलेली नाही. १९४८मध्ये सेरी बीसुद्धा सुटली. तिथे परत यायला २०१२ उजाडलं. पिओलाने मात्र १९३८च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दोन गोल केले. सेरी आमधला त्याचा २७४ गोलांचा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही.

रोझेत्ता किंवा पिओला यांना दोष देता येत नाही. चांगली संधी आली की आपणही गाव सोडतोच. नोकरीसाठी सोडलेल्या माझ्या गावात आमच्या नावाने कोणी काही बांधणार नाही, हेही खरं. व्हेर्चेल्लीने मात्र आपल्या मैदानाला नाव दिलं आहे ते पिओलाचं, म्हणजे विकाव्या लागलेल्या पोराचं.