देवळाचीं दारें बंद असतां



सन २०२० च्या मार्चअखेरीपासून १६ नोव्हेंबरपर्यंत, महामारीमुळें, मालवणांतच नव्हे तर साऱ्या महाराष्ट्रांत देवळांचीं दारें भाविकांस बंद होतीं. मिस्सा नाहीं, मग ख्रिस्तसभा ती कोठें राहिली, असा प्रश्न तेव्हां मनांत येई. त्याचें उत्तर आपल्याच कोंकणपट्टीच्या एका सुपुत्रानें तीन शतकांपूर्वीं देऊन ठेविलें आहे.

सिंहलद्वीपांत वलंदेजांनीं कॅथोलिकांचीं देवळें हिरावून घेतलीं व धर्मगुरूंस मज्जाव केला. जवळजवळ तीस वर्षें तेथील कुटुंबांनीं धर्म घरांतच जतन केला. बाणावलीस जन्मलेले फादर जोसेफ वाझ १६८७ सालीं मजुराच्या वेषानें जाफन्यास पोहोंचले. गळ्यांत जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत. ती माळ पाहून जो ओळख देई, त्याच्या घरीं रात्रीं मिस्सा होई.

पुढें १६९२ त कँडीच्या राजानें त्यांस पोर्तुगीजांचा हेर समजून कैद केलें. त्याच कँडींत १६९७ सालीं देवीची सांथ आली. लोक आपल्या माणसांस रानांत टाकून पळाले. फादर वाझ व त्यांचे भाचे फादर कार्व्हाल्यो ह्यांनीं रोग्यांसाठीं झोंपड्या उभारिल्या, त्यांचे व्रण धुतले, मृतांस मूठमाती दिली. धर्म कोणता हें विचारिलें नाहीं. (टाळेबंदींत मी स्वतः बंद दाराचीच चिंता अधिक वाहिली, हें येथें कबूल करितों.) बौद्ध राजा विमलधर्मसूर्यानें त्यानंतर त्यांच्या कार्यास मोकळीक दिली.

कँडींतच १६ जानेवारी १७११ रोजीं ते निवर्तले. पोप फ्रान्सिस ह्यांनीं १४ जानेवारी २०१५ रोजीं कोलंबो येथें त्यांस संतपदीं चढविलें.