उच्च रक्तदाब : ऑनलाइन आरोग्यसाक्षरता आणि स्वतःची काळजी

उच्च रक्तदाब हा बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता वाढणारा विकार आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के महिलांचा रक्तदाब वाढलेला, अथवा तो आटोक्यात ठेवण्यासाठी औषध सुरू असल्याचे आढळून आले. त्रास जाणवत नसल्यामुळे अनेक रुग्ण औषध मध्येच सोडतात. त्यातून पक्षाघात, हृदयविकार आणि मूत्रपिंडाच्या विकाराचा धोका वाढतो.

बंगळुरूच्या जे. पी. नगरपासून जवळच, बन्नेरघट्टा मार्गावर श्री जयदेव हृदयरोग संस्था हे सरकारी क्षेत्रातील मोठे रुग्णालय आहे. मात्र रुग्णालय जवळ असले, तरी रोजची काळजी घरीच घ्यावी लागते आणि त्याविषयीचा सल्ला आता मोबाइलवरही येतो. त्यातील योग्य माहिती शोधणे, ती पारखणे आणि वापरणे या क्षमतेला ऑनलाइन आरोग्यसाक्षरता म्हणतात. ती मोजण्यासाठी कॅमेरॉन नॉर्मन आणि हार्वे स्किनर या कॅनडातील संशोधकांनी २००६ मध्ये आठ विधानांची मापनश्रेणी प्रसिद्ध केली.

माहिती कशी पारखावी?

माहिती कोणी व केव्हा दिली आणि त्यामागे विक्रीचा हेतू आहे का, हे प्रथम पाहावे. औषध बंद करण्याचा सल्ला डॉक्टरांना विचारल्याशिवाय मानू नये. काही औषधे अचानक थांबवल्यास रक्तदाब झपाट्याने वाढतो. सैंधव मीठ निर्धोक असल्याचा समजही चुकीचा आहे, कारण तेही प्रामुख्याने सोडियम क्लोराइडच असते. पोटॅशियमयुक्त पर्यायी मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णांना अपायकारक ठरू शकते.

घरी काय करावे?

रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी व तंबाखू टाळावी. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून आणि न बोलता मोजणी करावी. नोंदवही तपासणीच्या वेळी सोबत न्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे आणि आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा.

रक्तदाब १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणे, धाप लागणे, बोलण्यात अडखळणे किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणे अशी लक्षणे दिसल्यास इंटरनेटवर शोध घेण्यात वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

महाराष्ट्रातील उपक्रम

भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू करण्यात आला. राज्यात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांपासून त्याचा प्रारंभ झाला. ठरलेली उपचारपद्धती, औषधांचा नियमित पुरवठा आणि रुग्णांचा पाठपुरावा यांवर त्यात भर आहे. २०२२ मध्ये त्यास संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

माहिती मोबाइलवर मिळू शकते. रक्तदाब आटोक्यात राहतो तो नियमित औषध आणि तपासणीमुळेच.