लढला कोण, लढवले कोणाला?

९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारातील मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण हुतात्मा झाले. शिरीषकुमार तेव्हा पंधरा वर्षांचा होता. नंदुरबार हे त्या काळी पश्चिम खानदेश जिल्ह्यातले व्यापारी गाव होते. ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले १९९८ साली. ही हकिकत महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही परिचित असते. ती सांगताना एक गोष्ट मात्र सहसा राहून जाते. त्या दिवशी नंदुरबार हे युद्धात उतरलेल्या देशातले गाव होते. जर्मनी, इटली आणि जपान या तीन राष्ट्रांशी त्याचे रीतसर वैर होते, आणि ते वैर कोणी धरले हे त्या गावाला कोणी विचारले नव्हते.

वसाहत ही युद्धमान राष्ट्र मानायची काय, हा प्रश्न वरवर पाहता विधिशास्त्राचा वाटतो. परंतु मराठी वाचकाला तो व्याकरणाच्या वाटेनेही कळू शकेल. 'लढणे' आणि 'लढवणे' ही आपल्या भाषेतली दोन वेगळी क्रियापदे आहेत. शिपाई लढतो, किल्ला लढवला जातो. तटबुरुजांवर तोफगोळे पडतात, पडझड किल्ल्याचीच होते, पण किल्ला हा त्या लढाईचा कर्ता नसतो. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थान लढला, की लढवला गेला?

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. मध्यवर्ती विधिमंडळाला वा प्रांतांच्या मंत्रिमंडळांना त्यांनी विचारले नाही. याच साम्राज्यातील इतर घटकांचे वर्तन शेजारी ठेवले म्हणजे फरक स्पष्ट होतो. दक्षिण आफ्रिकेच्या संसदेत मतदान झाले आणि ८० विरुद्ध ६७ मतांनी युद्धाचा पक्ष जिंकला. कॅनडाने आठवडाभर थांबून १० सप्टेंबरला स्वतःची वेगळी घोषणा केली. आयर्लंड तटस्थ राहिले. हिंदुस्थानाला यांपैकी कोणतीच वाट मोकळी नव्हती. नोव्हेंबर १९३९ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि मुंबई इलाखा गव्हर्नरच्या हाती गेला. १९४२ साली नंदुरबारवर ज्यांचा अंमल होता, ते लोकांना जबाबदार नव्हते.

धन्याच्या स्थितीप्रमाणे वसाहतीची स्थिती ठरते, याचे उलट उदाहरण शेजारीच होते. पोर्तुगाल तटस्थ होते म्हणून गोवाही तटस्थ. सावंतवाडी युद्धात आणि पेडणे शांततेत, अशी ती विलक्षण सीमा होती. मुरगावच्या बंदरात जर्मन व इटालियन जहाजे आसऱ्याला थांबली होती. १९४३च्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या हौशी घोडदळातील ब्रिटिशांनी तटस्थतेची पर्वा न करता त्यांतील 'एरेनफेल्स' या जहाजावर छापा घातला. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच बंदरात अमेरिका व जपान यांनी एकमेकांच्या अडकलेल्या नागरिकांची अदलाबदल केली. युद्ध गोमंतकीयांनी निवडले नव्हते, तशी तटस्थताही त्यांनी निवडली नव्हती.

एवढ्यावरून 'वसाहत म्हणजे निव्वळ रणभूमी' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो अपुरा ठरतो, कारण आंतरराष्ट्रीय कागदपत्रे वेगळेच सांगतात. १९१९ च्या व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानची स्वतंत्र सही आहे. राष्ट्रसंघाच्या मूळ सभासदांत तो होता. १ जानेवारी १९४२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या २६ राष्ट्रांतही तो आहे. हिंदुस्थानच्या वतीने ती सही गिरिजाशंकर बाजपेयी यांनी केली. तो जाहीरनामा अटलांटिक सनदेचा आधार घेतो, आणि प्रत्येक जनसमूहाला आपली राज्यपद्धती निवडण्याचा हक्क आहे असे ती सनद म्हणते. हे कलम मुख्यतः नाझी जोखडाखालील युरोपसाठी आहे, हिंदुस्थानचा प्रश्न निराळा, असा खुलासा चर्चिल यांनी पार्लमेंटात केला तो ९ सप्टेंबर १९४१ रोजी. नंदुरबारचा गोळीबार बरोबर एक वर्षानंतरचा. तारखांचा हा योगायोगच. पण दोन्ही घटनांमागचे धोरण एकच होते.

म्हणजे युद्धमान म्हणून नोंद झाली ती भूमीची, सहीची आणि सैन्याची, लोकांची नव्हे. यातली खरी मेख फौजदारी कायद्यात आहे. दंडसंहितेच्या १२१व्या कलमात 'राजाविरुद्ध युद्ध करणे' हा गुन्हा होता. प्रजाजनाने युद्ध केले तर तो अपराधी. युद्धमान पक्षाचे हक्क त्याला नाहीत. १९४५ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या लाल किल्ल्यातील खटल्यात भुलाभाई देसाई यांनी नेमके याच ठिकाणी बोट ठेवले. आझाद हिंद सरकारने रीतसर युद्ध पुकारले होते, त्याला सैन्य होते, आणि परतंत्र प्रजेलाही स्वातंत्र्यासाठी युद्ध करण्याचा हक्क आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने आरोपींना दोषी धरले. पण जन्मठेपेची शिक्षा सरसेनापतींना माफ करावी लागली. नंदुरबारच्या मुलांच्या वाट्याला असा युक्तिवादही आला नाही. त्यांच्याजवळ शस्त्र नव्हते, म्हणून ते सैनिक नव्हेत. आणि राज्यकर्त्यांच्या लेखी ते दंगेखोर. पुढच्याच वर्षी, २ मार्च १९४३ रोजी, तळोदा तालुक्यात रावलापाणी येथे संत गुलाम महाराजांच्या आप संप्रदायाच्या आदिवासी अनुयायांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांची नोंद तर जिल्ह्याबाहेर फारशी पोचलीही नाही.

दुसऱ्या बाजूला मराठी शिपाई खरोखरच लढत होते. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत मारले गेले. नामदेव जाधव यांनी १९४५ च्या एप्रिलमध्ये तिथेच पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांना केवळ 'लढवले गेले' म्हणणे हा त्यांच्या कर्तृत्वाचा अपमान ठरेल. व्याकरणाची आपली विभागणी इथे तोकडी पडते: माणसे लढत होती, देश लढवला जात होता.

युद्ध पुकारण्याचा हक्क नसलेल्या या देशाला ते मिटवण्याचा हक्क मात्र मिळाला, तोही टप्प्याटप्प्याने. फेब्रुवारी १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या सहा महिने आधी, पॅरिसला इटलीशी झालेल्या तहावर हिंदुस्थानने सही केली. टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणात भारताचे न्यायमूर्ती राधाविनोद पाल बसले आणि त्यांनी आरोपींना निर्दोष ठरवणारा भिन्न निकाल दिला. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेला भारत गेलाच नाही; जपानशी त्याने ९ जून १९५२ रोजी स्वतंत्र तह केला. परक्याने सुरू करून दिलेले युद्ध भारताने आपल्या अटींवर संपवले. क्रियापदाचा कर्ता बदलला तो इथे.

आपल्या पाठ्यपुस्तकांत 'दुसरे महायुद्ध' आणि 'चले जाव' ही दोन प्रकरणे वेगवेगळी असतात. पहिल्यात स्टालिनग्राड येते, दुसऱ्यात नंदुरबार. घाडगे आणि जाधव बहुधा दोहोंतही नसतात. त्यामुळे शिरीषकुमारची गोष्ट केवळ निरागस बलिदानाची होऊन बसते आणि तिच्यातला राजकीय अर्थ निसटतो. आमच्या नावाने युद्ध करायचे असेल तर आधी आम्हाला विचारा, हा १९३९ सालचा प्रश्न १९४२ मध्ये रस्त्यावर आला होता. नंदुरबारच्या मिरवणुकीने तो विचारला आणि त्याचे उत्तर गोळीने दिले गेले. ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचली, तरच त्या पाच नावांना त्यांचा पुरा संदर्भ मिळेल.