सळई ते तप्त हवेचा झोत : गोमांसाच्या 'रोस्ट'चा तांत्रिक व सामाजिक इतिहास

प्रस्तावना

सन २०१० मध्ये बर्लिन येथील 'आयएफए' या विद्युत् उपकरणांच्या प्रदर्शनात फिलिप्स कंपनीने 'एअरफ्रायर' नावाचे उपकरण सादर केले. फ्रेड व्हान डेर वाय या डच संशोधकाच्या प्रयत्नांतून ते साकारले होते. नाममात्र तेलात बटाट्याचे काप कुरकुरीत करणे हा त्याचा मूळ हेतू होता. पुढील दशकभरात मात्र इंग्लंड-अमेरिकेतील गृहिणी व गृहस्थ त्यात गोमांसाचा अखंड तुकडा भाजू लागले. रविवारचा 'रोस्ट' हा ज्या समाजात केवळ पदार्थ नसून एक कौटुंबिक संस्था आहे, तेथे हा बदल क्षुल्लक म्हणता येत नाही.

हे उपकरण तळत नाही, भाजते. मराठीत भाजणे, तळणे, परतणे, उकडणे, शिजवणे या क्रिया इतक्या स्पष्टपणे वेगळ्या आहेत की, 'हवेने तळणे' हा शब्दप्रयोग मराठी कानाला विसंगतच वाटतो. इंग्रजीतही 'रोस्ट' या शब्दाचा अर्थ गेल्या दोन शतकांत पूर्णपणे पालटला असून, या अर्थांतरामागे इंधन, श्रम आणि मालकी यांचा मोठा इतिहास दडलेला आहे. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

सळई, अग्नी आणि फिरवणारे हात

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्लंडमध्ये 'रोस्ट' म्हणजे उघड्या अग्नीसमोर, सळईवर सतत फिरत ठेवून भाजलेले मांस. (संस्कृतात अशा मांसास 'शूल्य' म्हणतात.) येथे 'समोर' हा शब्द महत्त्वाचा आहे. मांस ज्वाळांवर नव्हे, तर ज्वाळांपुढे धरले जाई. त्याला उष्णता मिळे ती मुख्यतः प्रारणाने. सळई फिरत असल्याने प्रत्येक बाजू क्षणभर तापे व क्षणभर निवे. त्यामुळे पृष्ठभाग खरपूस होत असतानाही आतील भाग सावकाश शिजत राही. ठिबकणारी चरबी खालच्या पसरट पात्रात जमे आणि तीच पळीने पुन्हा मांसावर घातली जाई.

या पद्धतीचे फळ उत्तम असले, तरी तिची किंमत मोठी होती. तासन् तास धगीपुढे बसून सळई फिरवण्याचे काम प्रथम पोऱ्यांकडे असे. पुढे ते कुत्र्यांकडे आले. केंब्रिजचे वैद्य जॉन कायस यांनी १५७० मध्ये ब्रिटिश श्वानांविषयी लिहिलेल्या लॅटिन ग्रंथात चाकात चालून सळई फिरवणाऱ्या कुत्र्यांची नोंद केली आहे. लांब अंगाच्या व आखूड पायांच्या या कुत्र्यांना भिंतीवर बसवलेल्या लाकडी चक्रात घालत. त्यांपैकी एकाचा पेंढा भरलेला देह वेल्समधील ॲबरगॅव्हेनीच्या संग्रहालयात आजही जतन केलेला आहे. वजनाच्या ओढीने किंवा धुराड्यातील वर चढणाऱ्या उष्ण हवेने फिरणारी यंत्रेही प्रचारात होती. कळसूत्री यंत्रे स्वस्त झाल्यावर कुत्र्यांची ही जात अनावश्यक ठरली आणि नामशेष झाली.

अशा भाजणीसाठी भरपूर जळण आणि मोठ्या चुलाण्याचे घर लागे. साहजिकच गोमांसाचा रोस्ट हे सुस्थितीचे चिन्ह बनले. १७३१ मध्ये हेन्री फील्डिंगने आपल्या नाटकात इंग्रजी रोस्ट बीफचे गौरवगीत घातले. १७४८ मध्ये विल्यम होगार्थने कॅलेच्या वेशीचे चित्र रंगवले. त्यात गोमांसाचा अवजड तुकडा वाहून नेला जात असून, भोवतीचे कृश फ्रेंच सैनिक त्याकडे आशाळभूतपणे पाहताना दिसतात. फ्रेंचांनी इंग्रजांना 'रोझबिफ' असे टोपणनाव देऊन त्याची परतफेड केली. मात्र हे राष्ट्राभिमानाचे अन्न राष्ट्रातील बहुसंख्य श्रमिकांच्या ताटात क्वचितच पडत असे, ही गोष्ट चित्रात दिसत नाही.

रम्फर्डचा 'रोस्टर'

या कथेचा खरा नायक बेंजामिन टॉम्प्सन उर्फ काउंट रम्फर्ड (१७५३–१८१४) होय. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेला हा गृहस्थ अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूने राहिला. पुढे बव्हेरियाच्या सेवेत चढत गेला आणि १७९९ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या संस्थापकांत गणला गेला. तोफा कोरताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरील त्याच्या प्रयोगांमुळे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी त्याला ओळखतात. त्याने चुलीवर केलेले काम मात्र उपेक्षित राहिले आहे.

म्यूनिकमध्ये गरिबांसाठी चालवलेल्या उद्योगगृहाच्या स्वयंपाकघरात घडलेला एक प्रसंग त्याने स्वतःच नोंदवला आहे. बटाटे वाळवण्याच्या यंत्रात मेंढीचा खांदा भाजता येतो का, हे त्याने पाहिले. तीन तास उलटूनही मांस शिजल्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा प्रयत्न सोडून देण्यात आला. स्वयंपाकिणींनी तो तुकडा रात्रभर यंत्रातच राहू दिला. सकाळी पाहतात तो मांस उत्तम शिजलेले व अतिशय मऊ झालेले! मंद आचेवर दीर्घकाळ शिजवण्याचे रहस्य अशा रीतीने एका 'फसलेल्या' प्रयोगातून हाती आले. अर्थात खेड्यापाड्यांतील चुलीच्या निखाऱ्यांवर रात्रभर मडके ठेवणाऱ्या स्त्रियांना ते नवीन नव्हते. रम्फर्डने त्यास शास्त्रीय नोंदीची प्रतिष्ठा दिली एवढेच.

सुमारे १८०० च्या सुमारास त्याने सिद्ध केलेला 'रोस्टर' हा पत्र्याचा आडवा दंडगोल होता. तो विटांच्या बांधकामात बसवून त्याखाली लहानसा जाळ केला जाई. मांसाखालच्या पात्रात पाणी ठेवलेले असे, म्हणजे चरबी जळून धूर होत नसे. याच्या तळाशी दोन लोखंडी नळ्या होत्या. त्यांची तोंडे एरवी बुचांनी बंद असत. मांस आतून शिजत आले की बुचे काढावयाची. मग नळ्यांतून तापलेली कोरडी हवा वेगाने आत शिरे, मांसावरून जाई आणि साठलेल्या वाफेसह वरच्या नळीवाटे बाहेर पडे. काही वेळातच पृष्ठभाग तांबूस व खरपूस होई.

आधी मंद उष्णता आणि अखेरीस वेगवान, कोरडा, तप्त झोत ही कल्पना एअर फ्रायरच्या दोन शतके आधी पूर्णत्वास गेलेली होती, असे म्हणण्यास येथे पुरेसा आधार आहे. उणीव होती ती पंख्याची. द्रवांतील उष्णतेच्या प्रवाहांवर रम्फर्डनेच १७९७ मध्ये लिहिले होते. या क्रियेला 'कन्व्हेक्शन', म्हणजे अभिसरण, हे नाव मात्र १८३४ मध्ये विल्यम प्राउट यांनी सुचवले.

न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्समथ येथे १८०७ मध्ये बांधलेल्या रंडलेट-मे भवनात असा एक रोस्टर अद्याप पाहावयास मिळतो. तथापि इंग्लंडमध्ये हे साधन रुजले नाही. सळईशिवाय भाजलेले मांस म्हणजे 'बेक' केलेले मांस, रोस्ट नव्हेच, हा ग्रह पक्का होता. १८६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिसेस बीटन यांच्या गृहव्यवस्थेवरील प्रख्यात ग्रंथातही बंद भट्टीतील मांसाला दुय्यम स्थान आहे. या आक्षेपात निव्वळ अभिमान नव्हता. बंद भट्टीत वाफ कोंडते, पृष्ठभाग ओलसर राहतो आणि खरपूसपणा येत नाही. रम्फर्डच्या नळ्या नेमक्या याच दोषावरचा उपाय होत्या. पुढील लोखंडी शेगड्या बनवणाऱ्यांनी त्या गाळून टाकल्या.

रविवारची भट्टी

ज्यांच्या घरी भट्टीच नव्हती त्यांचे काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चक्क राजकीय बनला. शहरांतील गरीब कुटुंबे रविवारी मांसाचा तुकडा पात्रात घालून पाववाल्याच्या भट्टीत नेऊन देत आणि दुपारी भाजलेला घेऊन येत. आठवड्यातील हे त्यांचे एकमेव चांगले जेवण असे. १८३० च्या दशकात सर अँड्र्यू ॲग्न्यू यांनी रविवारच्या पावित्र्यासाठी सर्व व्यवहारांवर बंदी घालणारी विधेयके पार्लमेंटात मांडली. १८३६ मध्ये चार्ल्स डिकन्स यांनी पुस्तिका लिहून त्यांवर सडकून टीका केली. श्रीमंताच्या घरचा स्वयंपाकी रविवारी राबला तर चालते, गरिबाचा भटारी मात्र नको, हा त्यातील दुटप्पीपणा त्यांना खुपला होता. १८४३ च्या 'अ ख्रिसमस कॅरोल' या कथेतही पाववाल्यांच्या भट्ट्या बंद करू पाहणाऱ्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला आहे.

गॅसच्या शेगडीने हे परावलंबन हळूहळू संपवले. नॉर्दॅम्प्टनच्या जेम्स शार्प यांनी १८२६ मध्ये तिचे पेटंट घेतले होते, पण ती सामान्य घरांत पोहोचण्यास शतकाची अखेर उजाडली. १९२३ मध्ये 'रेग्युलो' हा उष्णता-नियंत्रक आला आणि भट्टीत हात घालून धग अजमावण्याचे कौशल्य एका आकड्यात बंदिस्त झाले. याच काळात बंद भट्टीतील मांसालाही निःसंकोचपणे 'रोस्ट' म्हटले जाऊ लागले. शब्द टिकला, क्रिया बदलली.

अशीच घटना अगदी वेगळ्या वाटेने गोव्यात घडली. पोर्तुगीज 'आसादो' म्हणजे भाजलेले. गोव्यातील ख्रिस्ती घरांतील 'आसाद' मात्र आले, लसूण, मिरी व व्हिनेगर लावलेला अखंड तुकडा चरबीत परतून, थोड्या पाण्यावर झाकण ठेवून शिजवला जातो. घरोघरी भट्टी नसल्याने भाजण्याचे नाव भांड्यातील शिजवण्यास मिळाले आणि मांस त्यामुळे अधिकच मऊ झाले.

मऊपणाचे शास्त्र आणि पंख्याची भट्टी

मांस मऊ का होते, याविषयी बराच काळ चुकीची समजूत होती. जर्मन रसायनज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४७ मध्ये असे प्रतिपादन केले की, प्रखर उष्णतेने मांसावर कवच तयार होऊन रस आत कोंडला जातो. विसाव्या शतकातील प्रयोगांनी हे मत खोडून काढले; कवचातून रस गळतच राहतो. कवचाचे महत्त्व चवीपुरते आहे आणि तिचा उगम १९१२ मध्ये लुई-कामीय मायार यांनी वर्णन केलेल्या शर्करा व अमिनो आम्लांच्या अभिक्रियेत आहे. मऊपणा ठरतो तो आतील तापमानावर. सुमारे ६०–६५ अंश सेल्सिअसच्या पुढे संयोजी ऊतींतील कोलॅजन आकसते व तंतूंतील पाणी पिळून निघते. ७० अंशांच्या वर बराच काळ ठेवल्यास तेच कोलॅजन विरघळून जिलेटिन बनते. म्हणून मांडी-पुठ्ठ्याचा कमी चरबीचा तुकडा लवकर काढावा लागतो, तर छातीचा किंवा खांद्याचा तुकडा कित्येक तास शिजवावा लागतो. मधली वाट दोहोंनाही मारक ठरते.

विद्युत् पंख्याची जोड अमेरिकन संशोधक विल्यम मॅक्सन यांच्या 'व्हर्लविंड' भट्टीत १९४५ च्या सुमारास मिळाली. विमानातील गोठवलेली जेवणे गरम करण्यासाठी ती बनवली होती. एअर फ्रायर ही तिचीच लहान, अधिक वेगवान आवृत्ती. पात्र इवलेसे असल्याने हवा मांसाला घासून जाते, वाफ तत्काळ हटते आणि कवच लवकर धरते. अडचणही तेथेच आहे. हा झोत सुरुवातीपासूनच प्रखर असतो. रम्फर्ड जे अखेरीस करीत असे, ते येथे प्रारंभीच घडते.

त्यामुळे किलो-सव्वा किलोचा तुकडा मऊ राखण्यासाठी प्रथम दहा-पंधरा मिनिटे २०० अंश व नंतर १५० ते १६० अंश असा क्रम ठेवला जातो. तापमापीची सुई गाभ्यात घालून तो ५२ ते ५५ अंशांवर आल्यावर मांस बाहेर काढतात. नंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या विसाव्यात ते आणखी काही अंश चढते. अमेरिकेच्या कृषी खात्याची सुरक्षित मर्यादा मात्र ६३ अंश व त्यानंतर तीन मिनिटांचा विसावा अशी आहे. चव आणि सुरक्षितता यांतील हा वाद मिटलेला नाही. छातीचा तुकडा या यंत्रात नुसताच भाजला तर कोरडा व चिवट होतो. तो आधी झाकून, थोड्या पाण्यावर मंद शिजवून अखेरीस झोताखाली धरावा लागतो. म्हणजे म्यूनिकच्या स्वयंपाकिणींची रात्र आधी आणि रोस्टरच्या नळ्यांची बुचे नंतर.