मशीन अमेरिकेचं, लाकूड डांगचं

सलग तीन वीकेंड पुणे-सटाणा वाऱ्या झाल्या. कारण काय, तर घड्याळाची पेटी! पणजोबांनी घेतलेलं एक अमेरिकन टोल्यांचं घड्याळ आमच्याकडे आहे. म्हणजे मशीन आहे, लाकडी पेटी वाळवीने खाल्ली. पप्पा म्हणाले, "एवढा इंजिनियर झालास, बघ काही जमतं का." झालं! परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये करवत, रंधा, पटाशी मांडली आणि आमचं वर्कशॉप सुरू. (फर्स्ट इयरला कार्पेंट्रीचा जॉब मित्राकडून करून घेतला होता, त्याची ही शिक्षा.)

अशा घड्याळाला इंग्रजीत 'मँटल क्लॉक' म्हणतात, म्हणजे दिवाणखान्यातल्या शेकोटीवरच्या फळीवर ठेवायचं घड्याळ. सटाण्यात शेकोटी पेटते ती अंगणात. त्यामुळे आमचं कायम कोनाड्यात.

मला वाटायचं, यात लाकूड नुसतं शोभेला. वाचायला लागलो तर उलटंच निघालं. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये १८०७ च्या सुमारास एली टेरी नावाच्या माणसाने तीन वर्षांत ४००० घड्याळांची यंत्रं बनवायचं कंत्राट घेतलं. पितळ महाग, म्हणून चाकंसुद्धा लाकडाची! पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या यंत्रांवर एकसारखे भाग कापायचे, कुठलाही भाग कुठल्याही घड्याळात बसला पाहिजे. आपण आज ज्याला 'स्टँडर्ड इंटरफेस' म्हणतो, तेच की हे. १८१६ मध्ये त्याने फळीवर मावणाऱ्या घड्याळाचं पेटंटही घेतलं.

पण लाकडाची चाकं दमट हवेत फुगतात, जहाजातून पाठवणार कशी? टेरीकडेच काम केलेल्या चॉन्सी जेरोमने पितळेच्या पत्र्यातून चाकं ठोकून काढायला सुरुवात केली. १८४२ साली त्याने इंग्लंडला माल पाठवला. किंमत इतकी कमी, की कस्टमवाल्यांना ती खोटीच वाटली. नियमाप्रमाणे त्यांनी त्याच किमतीवर थोडे टक्के जास्त देऊन सगळा माल स्वतःच विकत घेतला. जेरोम खूश! त्याने लगेच दुसरी खेप पाठवली, तीही त्यांनी घेतली. तिसऱ्या वेळी मात्र शहाणे झाले आणि माल सोडून दिला. पुढे अशी घड्याळं जगभर गेली आणि लाकूड यंत्रातून बाहेर येऊन पेटीपुरतं उरलं.

आता पेटीचं लाकूड. गल्लीतल्या पडक्या वाड्याची एक तुळई मिळाली. सुतारकाकांनी रंधा मारला, वास घेतला आणि म्हणाले, "डांगी साग." डांग म्हणजे आमच्या पश्चिमेला, सरहद्दीपलीकडचं जंगल. मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी सागवान हवं होतं, म्हणून इंग्रजांनी तिथल्या भिल्ल राजांकडून हे जंगल भाडेपट्ट्याने घेतलं. साल? १८४२! त्या राजांच्या वारसांना आजही होळीच्या आधी आहव्याच्या डांग दरबारात सालाना दिला जातो. जेरोमचं पितळ आणि डांगचं सागवान एकाच वर्षी इंग्रजांच्या हाती लागलं आणि माझ्या शेडमध्ये येऊन भेटलं.

पेटी झाली. कोपऱ्यांत फटी राहिल्या, त्या भुसा आणि फेव्हिकॉलने बुजवल्या. वर चपड्याचं पॉलिश. आणि मग मी शॉर्टकट मारला. जुनं मशीन साफ कोण करणार? मोरबीचं क्वार्ट्झ मशीन आणून बसवलं. सेकंदाचाही फरक नाही. पप्पा खूश.

आजी मात्र गप्प. तिला आता दिसत नाही. संध्याकाळी म्हणाली, "सुंदर केलंस म्हणतात सगळे. पण वाजले किती, ते मला कसं कळायचं?"

तिचं घड्याळ म्हणजे टोले! तबकडी, काटे, माझं पॉलिश, तिच्यासाठी काहीच नाही. पुढच्या वीकेंडला जुनं मशीन रॉकेलने धुतलं, तेल दिलं, चावी भरली. टोल्यांची गुंडाळलेली तार पाठीमागच्या फळीला घट्ट आवळली. तेव्हा कळलं, की पेटी शोभेपुरतीही नाही. नुसती तार हातात धरून वाजवली तर किणकिण, सागाच्या फळीवर तोच आवाज घरभर.

पहाटे टोले पडले. आजी अंथरुणातूनच म्हणाली, "पाच वाजले. पण रेडिओ अजून लागला नाही. पुढे आहे रे तुझं घड्याळ."

मोबाईल बघितला. दोन मिनिटं पुढे होतं. नट अर्धा फेरा फिरवून लंबक खाली घेतला. असो, कोपऱ्यातल्या फटी तिला दिसत नाहीत, हे एक बरं आहे!