व्यवस्थापनातील रेषीय प्रायोजन

रेषीय प्रायोजन किंवा लिनिअर प्रोग्रॅमिंग ही मर्यादित साधनांचे सर्वांत लाभदायक वाटप शोधण्याची गणिती पद्धत आहे. मनुष्यबळ, यंत्रे, कच्चा माल, भांडवल आणि वेळ यांच्या मर्यादा सांभाळून नफा जास्तीत जास्त किंवा खर्च कमीत कमी कसा करावा, या व्यवस्थापकीय प्रश्नाचे उत्तर तिच्या साहाय्याने काढता येते. ती संक्रियात्मक संशोधन या विद्याशाखेचा भाग मानली जाते. या पद्धतीच्या विकासात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे (आयआयटी) माजी विद्यार्थी नरेंद्र करमरकर यांचे योगदान महत्त्वाचे आहे.

इतिहास

सोव्हिएत गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच यांनी १९३९ मध्ये प्लायवुड उद्योगातील यंत्रांच्या वाटपाच्या प्रश्नातून या पद्धतीची मांडणी केली. अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये हवाई दलाच्या नियोजनासाठी काम करताना सिंप्लेक्स पद्धत शोधली. नावातील ‘प्रोग्रॅमिंग’ हा शब्द संगणकाच्या आज्ञावलीशी संबंधित नाही. सैन्यातील पुरवठा, प्रशिक्षण इत्यादींच्या नियोजनाला ‘प्रोग्रॅम’ म्हणत, त्यावरून तो आला. साधनांच्या इष्टतम वाटपाच्या सिद्धान्तासाठी कांतोरोविच आणि त्यालिंग कूपमन्स यांना १९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

मांडणी

रेषीय प्रायोजनाच्या प्रश्नात तीन घटक असतात. ज्यांचे मूल्य ठरवायचे आहे ते निर्णय चल, ज्याचे महत्तम किंवा लघुतम मूल्य हवे आहे ते उद्दिष्ट फलन आणि साधनांच्या मर्यादा दर्शविणाऱ्या असमानता, म्हणजेच निर्बंध. उद्दिष्ट व निर्बंध दोन्ही एकघाती असावे लागतात, म्हणजे उत्पादन दुप्पट केले की साधनांचा वापर आणि नफाही दुप्पट झाला पाहिजे. सर्व निर्बंध पाळणाऱ्या उत्तरांना शक्य उकली म्हणतात. दोन चलांच्या प्रश्नात या उकलींचा प्रदेश आलेखावर बहुभुजाकृती दिसतो. इष्टतम उकल अस्तित्वात असल्यास ती या बहुभुजाच्या एखाद्या शिरोबिंदूवर मिळते. त्यामुळे असंख्य शक्यतांऐवजी मोजके बिंदू तपासणे पुरेसे ठरते.

उदाहरण

समजा, जुहू येथील एक लघुउद्योग चौपाटीवरील व आसपासच्या दुकानांना चकली आणि शेव पुरवतो. त्याच्याकडे दररोज कामगारांचे २० तास (१,२०० मिनिटे) आणि दोन कढयांवर मिळून तळणीचे १५ तास (९०० मिनिटे) उपलब्ध आहेत. मजुरी दिवसाची ठरलेली आहे.

• एक किलो चकली: कामगारांची २० मिनिटे, तळणीची १० मिनिटे, नफा ७० रुपये
• एक किलो शेव: कामगारांची १० मिनिटे, तळणीची १० मिनिटे, नफा ४० रुपये

चकली क्ष किलो आणि शेव य किलो मानल्यास प्रश्न असा होतो:

महत्तम करा: ७० क्ष + ४० य
कामगार: २० क्ष + १० य ≤ १,२००
तळणी: १० क्ष + १० य ≤ ९००
क्ष ≥ ०, य ≥ ०

आरंभबिंदू वगळता या प्रदेशाचे तीन शिरोबिंदू उरतात. केवळ चकली केल्यास ६० किलो होते आणि ४,२०० रुपये नफा मिळतो. केवळ शेव केल्यास ९० किलो होते आणि ३,६०० रुपये मिळतात. ३० किलो चकली व ६० किलो शेव केल्यास नफा ४,५०० रुपये होतो; हीच इष्टतम उकल होय. किलोमागे जास्त नफा देणारा पदार्थच करावा, हा सहज सुचणारा निर्णय येथे दररोज ३०० रुपयांनी तोट्याचा ठरतो, कारण केवळ चकली करताना कामगारांचा वेळ संपतो आणि कढया मात्र पाच तास रिकाम्या राहतात.

छाया किंमत

इष्टतम उकलीबरोबरच ही पद्धत प्रत्येक मर्यादेची छाया किंमत सांगते. एखादे साधन एका एककाने वाढल्यास नफा जितका वाढतो, ती त्या साधनाची छाया किंमत होय. वरील उदाहरणात कामगारांच्या एका मिनिटाची छाया किंमत ३ रुपये आणि तळणीच्या एका मिनिटाची १ रुपया आहे. कामगारांचा एक तास वाढवल्यास ३६ किलो चकली व ५४ किलो शेव करता येते आणि नफा ४,६८० रुपये, म्हणजे १८० रुपयांनी अधिक होतो. जादा कामासाठी तासाला १५० रुपये द्यावे लागले तरी तो निर्णय लाभाचा आहे. याउलट, तासाला १०० रुपये भाड्याने तिसरी कढई घेणे तोट्याचे ठरेल, कारण तळणीच्या तासाचे मोल ६० रुपयेच आहे.

नवा पदार्थ सुरू करावा की नाही, हेही यावरून ठरते. किलोमागे कामगारांची १५ आणि तळणीची ५ मिनिटे घेणारा चिवडा ५० रुपयांची साधने वापरतो. त्यावरील नफा याहून कमी असेल, तर चिवडा सुरू केल्याने एकूण नफा घटेल. छाया किमती ठरावीक मर्यादेतच लागू असतात. येथे तळणीचा वेळ तोच राहिल्यास कामगारांचा वेळ १,८०० मिनिटांच्या पुढे वाढवून काहीही लाभ होत नाही. अशा बदलांच्या अभ्यासाला संवेदनशीलता विश्लेषण म्हणतात.

करमरकर पद्धत

सिंप्लेक्स पद्धत एका शिरोबिंदूवरून शेजारच्या अधिक लाभदायक शिरोबिंदूकडे सरकत जाते. ती व्यवहारात वेगवान असली, तरी व्हिक्टर क्ली आणि जॉर्ज मिंटी यांनी १९७२ मध्ये असे प्रश्न रचून दाखवले की ज्यांत तिला सर्वच्या सर्व शिरोबिंदू ओलांडावे लागतात. चलांच्या संख्येनुसार ही वाटचाल घातांकी वेगाने लांबते. लिओनिद खाचियान यांनी १९७९ मध्ये बहुपदी काळात चालणारी पद्धत दिली. परंतु प्रत्यक्ष गणनेत ती संथ ठरली.

ग्वाल्हेर येथील मराठी कुटुंबात जन्मलेल्या करमरकर यांनी १९७८ मध्ये पवईच्या आयआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करताना १९८४ मध्ये त्यांनी प्रदेशाच्या कडेने न जाता त्याच्या आतून इष्टतम बिंदूकडे जाणारी पद्धत मांडली. ती बहुपदी काळात चालते आणि मोठ्या प्रश्नांसाठी व्यवहार्यही आहे. तिच्यामुळे अंतर्बिंदू पद्धतींच्या संशोधनाला मोठी चालना मिळाली.

एटी अँड टी कंपनीने या पद्धतीचे पेटंट १९८८ मध्ये मिळवले आणि तिच्यावर आधारित संगणक यंत्रणा ८९ लाख डॉलर किमतीला विक्रीस आणली. गणिती पद्धतीचे पेटंट देणे योग्य आहे का, यावर त्यामुळे वाद झाला. पेटंटची मुदत २००६ मध्ये संपली.

उपयोग

उत्पादनाचे मिश्रण ठरवणे, तेलशुद्धीकरणातील मिश्रणे, पशुखाद्याचे कमी खर्चातील घटक, गोदामांतून दुकानांपर्यंतची वाहतूक, विमान कर्मचाऱ्यांच्या पाळ्या आणि गुंतवणुकीचे वाटप या क्षेत्रांत रेषीय प्रायोजन वापरले जाते. लहान प्रश्न एक्सेलमधील सॉल्व्हर या सुविधेनेही सोडवता येतात.

मर्यादा

• पुरवठा वाढल्यावर भाव उतरत असेल, तर नफा एकघाती राहत नाही.
• कामगार, वाहने, विमाने यांची संख्या अपूर्णांकात असू शकत नाही. अशा प्रश्नांसाठी पूर्णांक प्रायोजन वापरतात. ते सोडवणे सामान्यतः अधिक कठीण असते.
• मागणी, भाव आणि लागणारा वेळ निश्चित मानले जातात. आकडे चुकीचे असल्यास बिनचूक गणिताचे उत्तरही चुकते.
• उद्दिष्ट फलनात किंवा निर्बंधांत न लिहिलेली बाब विचारात घेतली जात नाही. कामगारांची विश्रांती किंवा जुन्या ग्राहकाला दिलेला शब्द निर्बंध म्हणून मांडला नाही, तर इष्टतम उकल त्याकडे दुर्लक्ष करते. म्हणून उद्दिष्ट कोणते आणि निर्बंध कोणते, हे ठरवण्याची जबाबदारी व्यवस्थापकाकडेच राहते.

हेही पाहा

संक्रियात्मक संशोधन, नरेंद्र करमरकर, सिंप्लेक्स पद्धत, पूर्णांक प्रायोजन